सूट मागण्याआधी दुरुस्ती मागा: वादातल्या क्रेडिट कार्ड थकबाकीची तडजोड

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर जॉबवर्क करणाऱ्या एका गृहस्थांच्या क्रेडिट कार्डावर एका रात्रीत ६४,००० रुपयांचे दोन ऑनलाइन व्यवहार झाले. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी हेल्पलाइनला फोन करून कार्ड बंद केलं आणि तक्रार क्रमांक घेतला. महिन्याभरानं बँकेचं एका ओळीचं उत्तर आलं: व्यवहार ओटीपीनं झाला आहे, तक्रार फेटाळली. तेव्हा त्यांच्या स्वतःच्या खरेदीचे ८२,००० बाकी होते. संतापून त्यांनी तेही भरणं थांबवलं. आज चौदा महिन्यांनी आकडा २,४६,००० वर गेला आहे. वसुली एजंट म्हणतो, "साठ टक्के माफ करून देतो. ३० तारखेच्या आत ९८,४०० भरा, नाहीतर तुमच्या मेव्हण्याच्या दारात माणसं येतील." त्यातच लोकअदालतीची नोटीस आली आहे. पैसे भरून मोकळं व्हावं का, असं ते विचारतात.

मी बँकेच्या वसुली विभागात बरीच वर्षं काम केलं आणि आता कर्जदारांच्या बाजूनं कागद तयार करून देतो. त्यामुळे हा साठ टक्क्यांचा आकडा कसा तयार होतो ते मला माहीत आहे. माझं उत्तर असं की तडजोड जरूर करा, पण या आकड्यावर नको आणि या क्रमानं तर मुळीच नको.

आधी २,४६,००० फोडून बघू. त्यात तुमची खरेदी ८२,०००, वादातले ६४,००० आणि उरलेला एक लाख म्हणजे व्याज, लेट फी आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी. कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्क्यांच्या घरात असतं, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के. त्यामुळे चौदा महिन्यांत एवढा फुगवटा येतो, यात नवल नाही. पण हे व्याज १,४६,००० वर लागलं आहे, ८२,००० वर नाही. ढोबळ प्रमाण काढलं तर त्या एक लाखातले साधारण ४४,००० केवळ वादातल्या रकमेमुळे चढले. म्हणजे ६४,००० अधिक ४४,००० असे १,०८,००० रुपये वादाच्या खात्यात जातात आणि बिनवादाची बाकी उरते १,३८,०००. आता एजंटची ऑफर या १,३८,००० शी लावून पाहा. ९८,४०० भरले तर तुम्हाला सूट मिळते ३९,६०० ची, म्हणजे एकोणतीस टक्क्यांच्या आसपास. साठ टक्के माफी तुम्हाला दिसते, कारण जी रक्कम तुम्ही देणंच लागत नाही असं तुमचं म्हणणं आहे, तीही आधी तुमच्या नावावर धरली आणि मग माफ केली.

म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. वादातल्या रकमेवर सूट मागू नका, दुरुस्ती मागा. सुटीची बोलणी त्यानंतर, उरलेल्या रकमेवर करायची. हा फरक शब्दांपुरता नाही. बँकेनं देय रक्कम सोडून दिली की सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क अशा, प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांच्या अहवालात तुमच्या खात्यापुढे 'सेटल्ड' असा शेरा पडतो. बँकेनं चुकीची नोंद उलटवली आणि उरलेली बाकी तुम्ही पूर्ण भरली, तर खातं 'क्लोज्ड' दिसतं. उद्या तुम्हाला सीएनसी मशीनसाठी कर्ज हवं असेल, कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवायची असेल, तर शाखेतला माणूस सगळ्यात आधी हा शेरा बघतो. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या तडजोड चौकटीनुसार तर ज्या बँकेशी तडजोड केली, तिथे निदान बारा महिने नवं कर्ज मिळत नाही, आणि बँका ही मुदत वाढवूही शकतात. एखादा माणूस तेच ९८,४०० भरून 'सेटल्ड' होतो आणि दुसरा तेवढेच भरून 'क्लोज्ड' होतो. पत्र कसं लिहून घेतलं यावर ते ठरतं.

आता दुरुस्ती मागायला तुमच्या हातात काय आहे ते पाहू. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा अनधिकृत व्यवहारात, व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. तुम्ही तर दुसऱ्याच दिवशी कळवलं आहे. याच परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला आहे. "ओटीपीनं झाला" हे एक वाक्य म्हणजे तो पुरावा नव्हे. ओटीपी कोणत्या क्रमांकावर गेला, किती वाजता गेला, व्यवहार कोणत्या व्यापाऱ्याकडे झाला, माल किंवा पैसे कुठे पोहोचले, त्या व्यापाऱ्याकडून रक्कम परत मागवली होती का, हे सगळं बँकेनं दाखवायला हवं. ही माहिती लेखी मागा. एप्रिल २०२२ च्या क्रेडिट कार्ड निर्देशांनुसार बिलावर हरकत घेतली की खुलासा आणि लागू असेल तिथे कागदोपत्री पुरावा जास्तीत जास्त ३० दिवसांत द्यावा लागतो. त्याच निर्देशांत आणखी दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही तुमच्या कामाच्या आहेत. फसवणूक म्हणून हरकत घेतलेल्या व्यवहारावर वाद मिटेपर्यंत आकार लावता येत नाही. आणि वाद प्रलंबित असताना थकबाकीदार म्हणून माहिती पुढे कळवताना विशेष काळजी घ्यायची, वाद मिटल्यावरच ती द्यायची. तक्रार एका ओळीत फेटाळली म्हणजे वाद मिटला, असं बँक म्हणेल. पुराव्याशिवाय मिटला नाही, हे तुम्ही लेखी म्हणायचं.

इथे एक प्रश्न स्वतःला खरेपणानं विचारा, मला सांगायचीही गरज नाही. त्या रात्री "लिमिट वाढवून देतो" म्हणून कुणाचा फोन आला होता का, आणि तुम्ही किंवा घरातल्या कुणी ओटीपी सांगितला का? सांगितला असेल, तर तो ग्राहकाचा निष्काळजीपणा धरला जातो आणि बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्यावर येतं. तसं असेल तरी बोलणी करता येतात, पण मग दुरुस्तीचा आग्रह टिकत नाही आणि सुटीवरच भागवावं लागतं. खोट्या पायावर पत्र लिहू नका. बँकेकडे फोनच्या नोंदी असतात आणि एक विधान खोटं पडलं की बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. ओटीपी दिलाच नसेल तर मात्र मोबाइल कंपनीकडून त्या दिवसांत सिम बदललं गेलं होतं का ते तपासा, आणि १९३० वर किंवा सायबर पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारीची प्रत जोडा. ती तेव्हा दिली नसेल तर आज द्या. उशिराची तक्रारही नसण्यापेक्षा बरी.

पत्र बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलनं आणि स्पीड पोस्टनं पाठवायचं. एजंटला नाही. पत्र छोटं ठेवा. मी साधारण असं लिहून देतो:

"माझ्या कार्डावरील अमुक तारखेचे ६४,००० रुपयांचे दोन व्यवहार मी केलेले नाहीत. त्यांची तक्रार मी अमुक क्रमांकाने दुसऱ्याच दिवशी नोंदवली आहे. या व्यवहारांचा पुरावा मला आजवर मिळालेला नाही. ही रक्कम आणि तिच्यावर लावलेले व्याज, आकार व कर उलटवून सुधारित स्टेटमेंट द्यावे. माझ्या स्वतःच्या खरेदीची बाकी भरण्याची माझी तयारी आहे. सुधारित आकडा मिळाल्यावर ती मी एकरकमी भरण्याबाबत बोलणी करीन. हे पत्र माझे सर्व हक्क व हरकती राखून देत आहे."

शेवटून तिसरं वाक्य पुष्कळांना नको वाटतं. "भरायची तयारी आहे असं लिहून दिलं तर फसू," असं म्हणतात. लेखी कबुलीनं तीन वर्षांची कायदेशीर मुदत नव्यानं सुरू होते, हे खरं आहे, आणि ज्यांची थकबाकी तीन वर्षांच्या काठावर आली आहे त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय असं काही लिहू नये. तुमची जुनी बाकी चौदा महिन्यांची आहे. तिथे ही भीती नाही. उलट खरेदीचे पैसे देतो म्हणणारा माणूस पैसे बुडवणारा नाही, हे फाईलवर येतं. बँकेत तडजोडीची फाईल ज्याच्या टेबलावर जाते तो तुम्हाला ओळखत नाही. त्याच्यासमोर तुमचे कागदच बोलतात.

तुमची एक चूक मात्र स्पष्ट सांगतो, कारण असंच करणारे आणखी बरेच असतील. वाद ६४,००० चा होता, तर उरलेले ८२,००० भरत राहायला हवं होतं. सगळंच थांबवल्यामुळे किमान रक्कम नव्वद दिवस थकली, खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, झालं आणि "हा वादग्रस्त ग्राहक नाही, थकबाकीदार आहे" असं म्हणायला बँकेला वाव मिळाला. झालं ते झालं. पण आता एजंट "पाच हजार टोकन भरा, फाईल होल्डवर टाकतो" म्हणेल, तर ते भरू नका. ते पाच हजार व्याजात जिरतील, आणि पुढे बँक म्हणेल की यांनी पूर्ण बाकी मान्य करून हप्ता भरला.

एजंटशी कसं बोलायचं? शांतपणे, थोडक्यात आणि शक्यतो लेखी. सूट मंजूर करण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. तो प्रस्ताव वर पाठवतो आणि वसुलीवर त्याला कमिशन मिळतं. "आजच शेवटची संधी" ही ऑफर महिनाअखेरीला येते आणि बहुतेक वेळा पुढच्या महिनाअखेरीला पुन्हा येते. तिमाही संपताना आणि मार्चमध्ये ती आणखी सैल होते. ३० तारीख ही त्याच्या टार्गेटची तारीख आहे, तुमच्या कर्जाची नाही. त्याला एवढंच सांगा: "दादा, माझी हरकत बँकेत लेखी दिली आहे. तुमची ऑफर बँकेच्या ईमेलवरून पाठवा, मी उत्तर देतो." पुन्हा पुन्हा हेच. चिडायचं नाही, आकडा बोलायचा नाही.

मेव्हण्याच्या धमकीबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण आपल्याकडे माणूस पैशाला नाही, पै-पाहुण्यांत होणाऱ्या बोभाट्याला भितो, आणि वसुलीवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार लागतात, त्यामुळे कर्ज थकलं की नातेवाइकांना नोटीस येते हे आपण गल्लीगल्लीत पाहिलेलं असतं. तीच भीती लोक कार्डालाही लावतात. तुमच्या कार्डाला जामीनदार नाही. मेव्हणा, भाऊ, शेजारी, शेजारच्या वर्कशॉपचा मालक यांचा या बाकीशी काडीचाही संबंध नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनेनुसार वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. धमकी, चारचौघांत अपमान, घरच्यांच्या आणि मित्रांच्या खासगीपणात घुसणं या सगळ्याला मनाई आहे, आणि एजंटच्या वागण्याची जबाबदारी बँकेचीच राहते. कुणी दारात आलाच तर ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा, दोन्हीचा फोटो काढा, आत घेऊ नका. फोन रेकॉर्ड करा. धमकीची तारीख, वेळ, क्रमांक लिहून बँकेला वेगळी तक्रार द्या. माझ्या अनुभवात अशी एक व्यवस्थित तक्रार बोलण्याचा सूर बदलते, कारण तिचं उत्तर बँकेला द्यावं लागतं. आणि मेव्हण्याला तुम्ही स्वतः आधीच सांगून ठेवा. त्यानंतर त्या धमकीत काही उरत नाही.

बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पुन्हा तेच एका ओळीचं दिलं, तर पुढचा दरवाजा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा. तक्रार ऑनलाइन, विनाशुल्क, वकिलाची गरज नाही. पण बँकेच्या उत्तरानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं, आणि मूळ तक्रार फेटाळल्याला तुमचं वर्ष उलटलं आहे. म्हणून वाद सुरू असताना लावलेले आकार, अहवालातली नोंद आणि एजंटची धमकी या तुमच्या नव्या तक्रारी आहेत, त्या स्वतंत्रपणे मांडा. मूळ ६४,००० साठी जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता अजून मोकळा आहे. तिथे मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. मात्र आणखी वेळ घालवलात तर तीही मुदत हातची जाईल.

लोकअदालतीच्या नोटिशीनं घाबरू नका. ती वॉरंट नाही. दाखलपूर्व प्रकरणात बँक तिथे तडजोडीचा प्रयत्न करते, आणि तुमच्या संमतीशिवाय कुणी काही लादू शकत नाही. पण जा मात्र नक्की. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात त्या दिवशी बँकेचे जे अधिकारी बसतात, त्यांच्याकडे एजंटपेक्षा कितीतरी जास्त अधिकार असतात. तुमचं पत्र, तक्रार क्रमांक, स्टेटमेंटं आणि वर केलेली आकड्यांची फोड एका पानावर घेऊन पॅनेलसमोर ठेवा. तिथे मांडायचा प्रस्ताव असा: १,०८,००० चुकीची नोंद म्हणून उलटवा, उरलेल्या १,३८,००० पैकी लेट फी आणि व्याजाचा काही भागही उलटवा, आणि राहील ती बाकी मी पूर्ण भरतो. बोलणी ८२,००० पासून सुरू करा. लाखाच्या अलीकडे-पलीकडे 'क्लोज्ड' असं लिहून मिळत असेल, तर माझ्या मते घ्यावं. बँक दुरुस्ती मान्यच करत नसेल आणि 'सेटल्ड' शेऱ्यावरच अडून बसली असेल, तर मग ८२,००० च्या वर एक रुपयाही जाऊ नका. शेऱ्याचं नुकसान तुम्ही सोसणार असाल तर रक्कम तरी कमी हवी.

सही करण्याआधी निवाड्याचा प्रत्येक शब्द वाचा. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. हप्ते कबूल केले आणि मध्येच चुकले, तर बँक थेट अंमलबजावणीला जाऊ शकते. ग्राहक आयोगाचा रस्ताही तिथे संपतो. तडजोडीचे पुढच्या तारखांचे चेक देताना तर दहा वेळा विचार करा. कार्डाची थकबाकी हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस घरी येत नाहीत. पण चेक न वटता परत गेला की त्या गुन्ह्याचं कलम १३८ लागू शकतं आणि मग तो फौजदारी खटला होतो.

लवादाची नोटीस मुंबई-चेन्नईहून ईमेलनं आली, तर ती दुर्लक्षानं सोडू नका. बँकेनं एकतर्फी नेमलेल्या लवादाला हरकत घेता येते, पण ती वेळेत आणि लेखी घ्यावी लागते.

एकरकमी पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो येणारच. पतसंस्थेतून कर्ज काढून कार्ड मिटवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत आणि मला त्यांची काळजी वाटते. कार्डवाल्या बँकेला तुमच्याविरुद्ध दावा किंवा लवाद चालवावा लागतो. पतसंस्थेला सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो, आणि त्यानंतर जप्तीपर्यंतचा प्रवास फार वेगवान असतो. शिवाय तिथे जामीनदार असतात, म्हणजे आज ज्या मेव्हण्याचा संबंध नाही त्याला तुम्ही स्वतःच्या हातानं आत ओढता. त्यापेक्षा बँकेचं सोनेतारण परवडतं. व्याज कार्डाच्या मानानं बरंच कमी आणि भानगड तुमच्यापुरती. फक्त दागिने घरच्यांना विचारूनच ठेवा. भिशी उचलणार असाल तर ती हातात येण्याची तारीखच भरायची तारीख म्हणून बँकेच्या पत्रात लिहून घ्या.

बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय रुपया हलवू नका. पत्रावर कार्डाचे शेवटचे चार आकडे, भरायची रक्कम आणि तारीख, उलटवलेली रक्कम, "यानंतर काहीही येणे बाकी नाही" हे वाक्य आणि अहवालात काय कळवणार ते स्पष्ट हवं. ते बँकेच्या अधिकृत ईमेलवरून आलं आहे का बघा आणि हेल्पलाइनला किंवा शाखेत विचारून खात्री करा, कारण हुबेहूब लेटरहेडची बनावट पत्रंही फिरतात. तुमचं कर्ज थकीत कर्जं विकत घेणाऱ्या एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलं गेलं असेल, तर हस्तांतराचं पत्र आधी मागा. पैसे फक्त कार्डाच्या खात्यात किंवा बँकेच्या संकेतस्थळावरून भरा, एजंटच्या यूपीआयवर कदापि नाही. त्याच बँकेत तुमचं बचत किंवा चालू खातं असेल, तर बोलणी सुरू करण्यापूर्वी कामगारांचे पगार आणि जीएसटीचे पैसे दुसऱ्या बँकेत हलवा. त्या खात्यातले पैसे बँक थकबाकीपोटी अडवू शकते.

भरल्यावर ना-देय दाखला घ्या आणि कार्डाला जोडलेले ऑटो-डेबिट रद्द करा. बँकेनं ३० दिवसांत नवी स्थिती कळवायची असते, तेव्हा दीड महिन्यानं चारही कंपन्यांचे अहवाल काढून बघा. वर्षातून एकदा प्रत्येकीकडून ते मोफत मिळतात. शेरा पत्राप्रमाणे नसेल तर त्या कंपनीकडे पत्र जोडून दुरुस्तीची तक्रार नोंदवा. ३० दिवसांत ती मार्गी लागली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला देणं लागतात. ती मागावी लागली तर संकोच न करता मागा.